घाट उतरण्याआधी ऐकून जा

पोरांनो,

या दिवाळीत थोरल्याचा मुलगा पुण्याहून गिअरची सायकल घेऊन आला. धाकट्याची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे साडेचारला बूट बांधून बाहेर पडते. एकाला सुट्टीत सगळं खोरं पालथं घालायचंय, दुसरीला ८०० मीटरमधले चार सेकंद कमी करायचेत. दोघंही एकाच संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "आबा, वाटा तुमच्या पायाखालच्या. कुठून जाऊ ते सांगा."

वाट आता मोबाइलही सांगतो. वाटेवर कसं वागायचं ते मात्र ज्याच्या चपला तिथं झिजल्या त्यानं सांगावं. मी पाटकरी होतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेच्या कालव्यावर शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या देण्यात उभी नोकरी गेली, निम्मी चालत आणि निम्मी सायकलवर. म्हणून माझा प्रत्येक कानमंत्र पाण्यापासून सुरू होतो. आपल्या भागात माती कशी लागेल, नाला ओलांडता येईल का, तहान किती लागेल आणि घरी कधी परतायचं, हे सगळं पाणीच ठरवतं. ते आधी ओळखा, मग पाय उचला.

पाणी कुठं उतरतं ते समजून घ्या

बुलढाणा अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावर बसलंय. त्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. एका अंगाला घरंगळलेलं पाणी पैनगंगेत जातं. ती येळगावच्या धरणात थांबते, पेनटाकळीला थांबते, मेहकरवरून पुढं जाऊन वर्धेला मिळते आणि शेवटी गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला लागते. दुसऱ्या अंगाचं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्यातून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात. आपण जे 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' म्हणतो, त्याच्या मुळाशी हा उतार आहे.

बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि मलकापूर अडीचशेच्या आसपास. म्हणजे एका घाटात चारशे मीटर खाली. वर बरड, मुरमाड जमीन, चढउतार, मोकळा वारा. खाली पूर्णेचं सपाट खोरं, काळी खोल माती आणि उन्हाचा तावा. म्हणून घाटावर दम सांभाळायचा, घाटाखाली पाणी सांभाळायचं. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी निम्मं काम झालं.

महिन्यांचं गणितही यातूनच निघतं. श्रावणापासून कार्तिकापर्यंत घाटावर फिरा. बुलढाणा, चिखली, मेहकरच्या बाजूला मुरमाचा रस्ता लवकर सुकतो आणि हवा गार असते. मार्गशीर्ष ते माघ घाटाखाली उतरा. तेव्हा काळी माती घट्ट झालेली असते, हरभरा हिरवा असतो आणि दहा वाजेपर्यंत ऊन अंगाला गोड लागतं. लोणारला जायचं तर तेही हिवाळ्यातच. त्या सरोवराच्या खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, म्हणजे काठानं एक फेरी साडेपाच-सहा किलोमीटरची होते. सायकल गावात लावा आणि काठ पायी फिरा. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतलं पाणस्थळही आहे. तिथं चाकं आणि आरडाओरडा दोन्ही शोभत नाहीत. फाल्गुनानंतर मात्र कुठंही जा, सकाळी नऊच्या आत घरी या.

घाटात उतरण आधी शिका, चढण मग

राजूर घाट चढताना माणूस थकतो, पण पडतो तो उतरताना. घाटाच्या तोंडाशी सायकल उभी करा. दोन्ही चाकांचे नट हातानं हलवून बघा, ब्रेकची तार ताणून बघा, ब्रेकचं रबर किती उरलंय ते बघा. रबर झिजून लोखंड रिमला घासायला लागलं असेल तर त्या दिवशी घाट नाही.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा मागचा, थोडा पुढचा, असा आलटून पालटून दाबा, म्हणजे रिम तापत नाही. पुढचा ब्रेक एकटा आणि एकदम दाबला की माणूस हँडलवरून पुढं जातो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. आतली बाजू कापायची नाही, कारण समोरून येणारी एसटी वळताना सगळा रस्ता घेते आणि ड्रायव्हरला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. श्रावणात घाटात धुकं उतरतं. तेव्हा मागं लाल दिवा हवाच.

चढताना एकच माप. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय तोवर तुमचा वेग बरोबर आहे. वाक्य अर्ध्यात तुटलं की गिअर हलका करा, पळणाऱ्यानं चालायला लागावं. घाट कुठं जात नाही.

काळ्या मातीला वाफसा येऊ द्या

शहरातली पोरं पाऊस थांबला की लगेच पांदणीला लागतात आणि शंभर पावलांवर सायकल खांद्यावर घेऊन परत येतात. काळी माती ओली झाली की गुळासारखी चिकटते. टायर आणि मडगार्डच्या मधे ती अशी भरते की चाक फिरत नाही. पळणाऱ्याच्या बुटाला शेर-शेर माती लागते आणि घोट्यावर ताण येतो.

शेतकरी पेरणीआधी वाफसा बघतो, तसा तुम्ही पांदणीचा वाफसा बघा. वाकून मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा होऊन त्यावर बोटांचे ठसे उमटले तर माघारी फिरा. मूठ उघडताच ती भुगा होऊन पडली तर खुशाल जा. मोठा पाऊस झाला तर बरडावरची वाट अर्ध्या दिवसात मोकळी होते, काळीला दोन-तीन दिवस लागतात. ओल्या पांदणीत चाक घातलं की तुमची सायकल तर खराब होतेच, शिवाय त्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि पुढचे चार महिने बैलांचे पाय त्यात मुरगळतात. हे पाप आपल्या माथी नको.

उन्हाळ्यात हीच माती उलटी वागते. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, काही तर पाऊल जाईल एवढ्या. पळताना नजर तीन-चार पावलं पुढं ठेवा. वाळलेल्या चाकोरीत पुढचं चाक गेलं तर हँडलला हिसका देऊन बाहेर काढू नका. वेग कमी करा, सरळ जात राहा आणि चाकोरी उथळ झाली की बाहेर पडा.

पाटाचा काठ चांगला, पाट नाही

पळायला आपल्याकडं कालव्याच्या काठाइतकी चांगली जागा नाही. वाट मऊ, चढ जवळपास नाही, गाड्या नाहीत, बाजूला झाडं. अंतराचे दगड लावलेले असतात, त्यावर सराव मोजता येतो. पण तिथला एक नियम मी जीव गमावता गमावता शिकलो.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. रब्बीची पाळी सुरू होती, कालवा छातीपर्यंत भरून वाहत होता. दुपारी तोंडावर पाणी मारावं म्हणून मी अस्तराच्या उतारावर दोन पावलं उतरलो. काँक्रिटवर शेवाळ होतं. चप्पल सटकली आणि मी आत. मला पोहता येत होतं, पाणीही फार खोल नव्हतं, पण काठ हाताला लागेना. जिथं बोटं रोवावीत तिथं शेवाळ, आणि पाणी मागून ढकलतंय. साठ-सत्तर पावलं तसाच वाहत गेलो. पुढं एक म्हातारी शेळ्या चारत होती. तिनं मला पाहिलं, ती ओरडली नाही. काठावर पोटावर आडवी पडली, एका हातानं बाभळीचं मूळ धरलं आणि दुसऱ्या हातानं काठी पुढं केली. मी काठी धरली. तिनं ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. मीच गुडघे टेकत वर आलो.

नंतर तिनं सांगितलं, "उभं राहून काठी देली असती त दोघंही गेलो असतो बाप्पा."

त्या दिवसापासून माझ्या सायकलच्या दांडीला वेळूची काठी बांधलेली असते. तुम्हीही हेच शिका. वाहत्या पाटात हात-तोंड धुवायला उतरायचं नाही. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. आडवं पडायचं, काठी, दुपट्टा, सायकलची ट्यूब, जे हाताशी असेल ते पुढं करायचं आणि दुसऱ्या हातानं काहीतरी घट्ट धरायचं.

पुलावरून पाणी असेल तर थांबा

घाटाखाली ऊन असतं आणि नाला भरून येतो, याचं नवल करू नका. पाऊस वर अजिंठ्याच्या रांगेत नाहीतर सातपुड्यात पडलेला असतो, पाणी तासा-दोन तासांनी खाली पोचतं. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पावसाळ्यात निघताना आपल्या डोक्यावरचं आभाळ बघू नका, डोंगरावरचं बघा.

नाल्यातलं स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यावर काडीकचरा आणि फेस येऊ लागला, की मागून लोंढा येतोय असं समजा आणि पात्रातून बाहेर या. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी डोळ्यांना दिसत नसेल तर पाणी गुडघ्याएवढं असलं तरी ओलांडायचं नाही. खालचा पूल वाहून गेला आहे की नाही हे वरून कळत नाही, आणि सायकलच्या चाकाला पाणी जोरात ढकलतं. काठीनं खोली मोजता येते, ओढ मोजता येत नाही. गावात परत जा, एखाद्या ओसरीवर बसा. आपल्या जिल्ह्यात अशा वेळी चहा विचारणार नाही असं गाव मी पाहिलेलं नाही.

प्यायचं पाणी घरून न्या

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूरच्या कितीतरी गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. तिथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ते सोसलंय. तहानलेल्या, घामेजलेल्या माणसाची तहान या पाण्यानं भागत नाही. हातपंप दिसला की बाटली भरू नका. आधी गावातल्या माणसाला विचारा, "गोडं पाणी कुठं मिळेल?" हा प्रश्न तिथं सगळ्यांना कळतो. लोक नळाचं पाणी घरातून आणून देतील. ते देताना त्यांच्या घरचं माठभर पाणी कमी होतंय, हे ध्यानात ठेवा आणि लागेल तेवढंच घ्या.

दोन तासांच्या वर सायकल चालवायची तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. याहून जास्त मीठ नको. ताक चालेल, पन्हं चालेल. थोडं थोडं पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका. खायला गूळ-फुटाणे, शेंगदाणे, केळं. शेगावची कचोरी जरूर खा, पण सायकल लावून झाल्यावर.

उन्हात घाम येणं थांबलं, अंग तापलं, मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा सोबती भलतंच बोलायला लागला, तर तो ऊन लागल्याचा धोका आहे. तिथल्या तिथं सावली गाठा, कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांवर ओलं फडकं ठेवा, वारा घाला आणि गाडी बोलावून दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

काटा शोधायला कापूस घ्या

आपल्या शिवारात बाभळी, बोरी, वेडी बाभूळ आणि गोखरू यांच्या काट्यांना तोटा नाही. कापूस निघून गेला की पऱ्हाटीचे खुंट उरतात, तूर कापली की तुरीचे. ते तिरके कापलेले असतात, भाल्यासारखे. म्हणून वावरातून आडवं सायकल घालायची नाही.

पंक्चर झालं की पोरं ट्यूबला ठिगळ लावतात, टायर चढवतात आणि पाच मिनिटांत पुन्हा खाली बसतात. काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बोटानं चाचपला तर तो बोटात जातो, आणि बारीक असला तर लागतच नाही. यावर आपल्या कापसाच्या मुलखाचा उपाय असा, की कापसाचा एक बोळा घ्या आणि टायरच्या आतल्या बाजूनं हळूहळू फिरवा. जिथं काट्याचं टोक बाहेर आलं असेल तिथं दोन तंतू अडकतात. तिथं बाहेरून बघा, काटा चिमट्यानं किंवा दातकोरणीनं बाहेर ढकला, आणि एक पूर्ण फेरी परत फिरवा, कारण काटे बहुधा जोडीनं असतात. ठिगळ लावताना ट्यूब कानशीनं घासा, सोल्युशन लावून फुंकर न मारता वाळू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ दाबा. घाई केली की ठिगळ सुटतं.

सोबत दोन ट्यूब, हवा भरायचा पंप, ठिगळं आणि एक जुना टायरचा तुकडा ठेवा. टायर फाटला तर तो तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येतं. गाव छोटं असलं तरी सायकलचा दुकानदार असतो, कारण शाळेतल्या मुली सायकलवर येतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या त्या सायकलींनी दूरच्या वस्तीवरच्या किती मुलींची आठवीनंतरची शाळा वाचवली, ते मी पाटावरून रोज सकाळी बघत आलो. त्या मुली भेटल्या तर वेग कमी करा आणि अंतर ठेवून पुढं जा.

भरतीवाल्या पोरापोरींसाठी

बाई, आता तुझ्यासाठी. गावोगावी तुझ्यासारखी पोरं पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर पळतात, कारण मैदान नाही. तो अंधार मला खुपतो. ट्रक-टेम्पोच्या ड्रायव्हरची रात्र त्याच वेळी संपत आलेली असते, डोळे मिटत असतात. म्हणून हमरस्त्यावर पळायचं नाही. समृद्धी महामार्गाच्या तर जवळही जायचं नाही, तिथं सायकलीला आणि पायी माणसाला बंदी आहे. शाळेचं पटांगण, पाटाचा काठ, गावाला जोडणारा आतला रस्ता, यातलं काही निवड. रस्त्यानं जावंच लागलं तर उजव्या कडेनं पळ, म्हणजे समोरून येणारी गाडी तुला दिसते. पांढरा सदरा, हातात दिवा, कानात काही नाही. चौघी असाल तर एकीमागं एक.

अंतर अंदाजानं मोजू नकोस. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर, मुलांना १६०० आणि १००, वर गोळाफेक. सायकलच्या चाकानं हे बिनचूक मोजता येतं. टायरवर खडूनं खूण कर, खूण जमिनीला टेकवून एक फेरा चालव आणि टेपनं ते अंतर माप. माझ्या जुन्या २८ इंची सायकलचा एक फेरा सव्वादोन मीटरच्या जवळपास भरतो, म्हणजे १०० मीटरला साधारण साडेचव्वेचाळीस फेरे. आरीला एक चिंधी बांध आणि ती वर आली की मोज. मग दोन दगड पुरून ठेव. सगळ्या पोरींनी त्याच दगडांवर सराव करावा.

रोज जीव तोडून पळू नये. दोन दिवस हळू आणि लांब, एक दिवस वेगाचा, एक दिवस विश्रांती. नळीचं हाड दुखायला लागलं तर डांबर सोडून मातीवर ये. दुखणं तीन-चार दिवसांत हटलं नाही तर दाखवून घे. भरतीच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घालू नकोस आणि नवं अन्न खाऊ नकोस.

पाय वारकऱ्यांकडून शिका

आषाढीनंतर गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या सतरा-एक किलोमीटरच्या टप्प्याला माणसांची नदी वाहते. तो टप्पा मी कितीदा चाललो ते मोजलेलं नाही. पायांविषयी मला जे कळतं ते त्या वाटेवरच्या म्हाताऱ्यांनी शिकवलं.

रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल लावा. निघण्याआधी नखं सरळ कापा, कोपरे खोल कापू नका. पाय ओले झाले की थांबा, पुसा, मोजे बदला. फोड येतो तो ओल्या पायाला. कातडी गरम वाटू लागली की तेव्हाच थांबून तिथं पट्टी लावायची. पाच मिनिटांचं थांबणं पाच दिवसांचं लंगडणं वाचवतं. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, तीच मलमपट्टी असते. मधुमेह असणाऱ्यानं फोडाला हात न लावता डॉक्टर गाठावा.

ज्यांचं रान आहे त्यांचा मान ठेवा

सकाळ-संध्याकाळ रोही, म्हणजे नीलगाई, रस्ता ओलांडतात. एक गेला की थांबा, मागं दुसरा असतो. ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, आणि बोथ्याच्या घाटाचा रस्ता त्यातून जातो. तिथं अस्वलं आहेत, बिबटे आहेत. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर शेतं, नाले, रस्ते ओलांडत इथं येऊन पोचला. त्यालाही नाल्याच्या काठानंच वाट सापडली असणार.

त्या रस्त्यानं जायचं तर ऊन चांगलं वर आल्यावर, दोघा-तिघांनी, मधूनमधून घंटी वाजवत. आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. मोहाच्या, टेंभराच्या, बोरीच्या दिवसांत अस्वल झाडाखाली डोकं खाली घालून खात असतं. त्याला तुमची चाहूल लागत नाही आणि ते दचकून अंगावर येतं. म्हणून आवाज आधी जाऊ द्या. दिसलंच तर पाठ फिरवून पळू नका, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरा.

मेंढरांच्या कळपाची कुत्री धावून आली तर सायकलवरून उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि चालत पुढं जा. पळणाऱ्याच्या मागं कुत्रं लागतं, चालणाऱ्याला ते सोडून देतं. धनगराला हाक मारा, तो आवरतो.

आणि अंधारात वावरातून आडवाट कधीच घेऊ नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणात वीज सोडलेली असते, तार डोळ्यांना दिसत नाही. फवारणीचा वास आला तर वाऱ्याची दिशा बघा आणि वळसा घाला. जोरजोरानं श्वास घेणाऱ्या माणसाच्या छातीत ते औषध खोल जातं.

वाट कामाची आहे हे विसरू नका

तुम्ही हौसेनं जाता ती पांदण कुणाच्या तरी रोजच्या पोटाची वाट असते. बैलगाडी आली की खाली उतरून बाजूला व्हा, बैल बिथरतात. सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलं असेल तर कडेनं सायकल हातात धरून जा. वावराच्या कुंपणाचा उघडलेला झोपा परत लावा. विहिरीवर बायका धुणं धूत असतील तर तिकडं मोबाइल रोखू नका. भेटेल त्याला 'राम राम' घाला, नाव सांगा, कुठल्या गावचे ते सांगा.

हे नुसतं सभ्यपणासाठी सांगत नाही. पाटावर मला एकदा ताप भरला, मी बाभळीखाली पडलो. उठता येईना. माझी सायकल कुणीतरी ओळखली, 'पाटकरी दिसत नाही' म्हणून तो शोधत आला. तेव्हा मोबाइल नव्हता. वाटेवरच्या माणसांना तुमचा चेहरा ठाऊक असणं हाच मोठा आधार असतो. निघताना घरी तीन गोष्टी सांगून जा: कुठून जाणार, सोबत कोण आणि किती वाजता परत. वेळ टळली तर घरचे कुणाला फोन करणार, त्या वाटेवरच्या एका माणसाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

उद्या पहाटे तुम्ही दोघं निघणार म्हणता. रात्री शिडकावा झालाय, म्हणून पांदणीकडं वळण्याआधी मूठभर माती दाबून बघा. रांजणातलं पाणी गोडं आहे, बाटल्या तिथंच भरा. आणि रांजणामागं दोन काठ्या ठेवल्यात, वेळूच्या, हलक्या. एक सायकलच्या दांडीला बांधा, एक पोरीच्या हातात द्या.